लाखाला तीनने भाग जात नाही

एखाद्याला कैरी दिसली की दगड मारावासा वाटतो, तसं हरिश्चंद्र पाष्टे यांना आकडा दिसला की त्याला भाग घालून बघावंसं वाटतं. लग्नपत्रिकेवरची तारीख, दुकानाच्या पाटीवरचा पिन कोड, समोरून आलेल्या ट्रकचा नंबर, काहीही चालतं. दोनने जातो का, तीनने जातो का, सातने? भाग गेला की चेहऱ्यावर समाधान पसरतं, आणि कशानेच गेला नाही की त्या आकड्याबद्दल आदर.

एकदा डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "पाष्टेकाका, साखर दोनशे अकरा आहे."

"दोनशे अकरा!" काका खुर्चीत सावरून बसले. "डॉक्टर, हा कशानेच फुटत नाही."

"तीनने?" डॉक्टरांच्या तोंडून नकळत निघून गेलं.

"एक उरतो. दोन, तीन, पाच, सात, कुणालाही विचारा, प्रत्येकाला एक उरतो. फार मानी आकडा."

बाहेर बाकावर माणसं खोकत होती. डॉक्टर भानावर आले आणि म्हणाले, "भाग जाऊ दे काका, भात सोडा."

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर जाळीच्या मागे बसून गाड्या पुकारणारा जो आवाज असतो, तो आवाज. निवृत्तीनंतर तो आवाज आपल्या गावी, भाट्याला घरी आला आणि आता 'चहा झाला का' हेसुद्धा फलाट क्रमांक सांगितल्यासारखं विचारतो. माणूस साधा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आकडे फोडतो, पण त्यातही त्याचा एक नियम आहे: देवाचे आकडे फोडायचे नाहीत. गणपतीच्या एकवीस दुर्वा म्हणजे सात त्रिक, हे त्यांना दिसत नाही असं नाही. पण ते मनातही तसं म्हणत नाहीत. देवळात जाताना चपला बाहेर काढतात, तसा भागाकारही बाहेर ठेवतात.

या सभ्यपणामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

काकांच्या बायकोचे, जनीवहिनींचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूने गढूळ झाले होते. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात. शेवटी त्यांनी निवडून वाढलेल्या माशातला काटा काकांच्या घशात सापडू लागला, तेव्हा ऑपरेशन ठरलं. वहिनींचं माहेर वेळणेश्वरच्या बाजूचं. आदल्या दिवशी त्यांनी तिथल्या महादेवाला मनातल्या मनात सांगितलं, की नजर परत दे, त्याच नजरेने लाख वाती वळीन आणि त्रिपुरी पुनवेला तुझ्यापुढे लावीन. नजर परत आली. डॉक्टरांनी त्यांची फी घेतली, देवाने आपली लावली.

वर्षभर मग पाष्ट्यांच्या पडवीत एकच उद्योग. वहिनी भिंतीला पाठ लावून बसायच्या, बोटांना चिमूटभर राख लावायच्या, कापसाचा तंतू ओढून वात वळायच्या आणि मांडीवरच्या माळेतला एक मणी पुढे सरकवायच्या. माळ त्यांच्या आईची, रुद्राक्षाची, एकशे आठ मण्यांची. मेरुमणी हाताला लागला की तेवढ्या वातींची एक जुडी बांधायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आकड्याचं नाव नाही. जुड्या मोजून पत्र्याच्या डब्यात भरणं हे काम काकांचं. एका डब्यात शंभर जुड्या. "लाख झाल्या की सांगा," एवढंच वहिनी म्हणाल्या होत्या, आणि काका वर्षभर डबे भरत राहिले. एकशे आठ हा देवाचा आकडा, म्हणून त्यांनी तो फोडून पाहिलाच नाही.

भाऊबीज झाली. फराळ संपत आला होता, कंदील अजून ओटीवर लटकत होता. शेजारची नम्रता दोघीतिघी बायकांना घेऊन वाती बघायला आली. नऊ डबे एकावर एक रचलेले बघून ती म्हणाली, "बाई गं! काका, आता किती राहिल्या हो?"

काकांना कुणी तरी आकडा विचारला होता. स्टँडवरचा आवाज सुरू झाला.

"नऊ डबे. डब्यात शंभर जुड्या. जुडीत एकशे आठ. झाल्या सत्त्याण्णव हजार दोनशे. राहिल्या दोन हजार आठशे. त्याला एकशे आठने..." इथे गाडी थांबली. काकांनी डोळे मिटले, उघडले. "पंचवीस जुड्या. आणि वर शंभर."

"वर शंभर म्हणजे?" वहिनींनी वात वळता वळता विचारलं.

"म्हणजे शेवटची जुडी शंभराचीच. आठ कमी."

"परत मोजा. तुमचं कायतरी चुकलं असेल."

"माझं काय चुकणार गो? भागच जात नाही!" काकांचा आवाज आनंदाने चढला. वर्षभर डोळ्यांसमोर असलेला आकडा अचानक फुटला होता. "हे बघ. एकशे आठच्या पोटात तीन आहेत. एक सोडून तीन तीन. लाखाच्या पोटात नुसते दोन आणि पाच. पाच दोन, पाच पाच, बस्स. औषधाला तीन सापडायचा नाही. म्हणून तू कितीही वळ, एकशे आठ एकशे आठ करत लाखावर कधीच पोचणार नाहीस. एक तर शंभर कमी, नाहीतर आठ जास्त! लाख तेवढा चुकणार."

"कधीच?" नम्रताने विचारलं.

"कधीच! आज नाही, उद्या नाही. हे कुणाच्या हातात नाही."

मग त्यांनी बायकोकडे बघितलं. तिच्या बोटांतली वात अर्धी वळलेली तशीच होती.

"म्हणजे वरीसभर मी चुकत होते," जनीवहिनी म्हणाल्या. त्यांनी माळ उचलली, कपाळाला लावली आणि खुंटीला अडकवली. बायका चकल्या खाऊन गेल्या.

त्या दिवसापासून पडवीतली कापसाची टोपली हलली नाही. वहिनी भांडल्या नाहीत, हे वाईट. भांडल्या असत्या तर काकांना उत्तर देता आलं असतं. त्या वेळेवर चहा देत होत्या, जेवण वाढत होत्या, फक्त वरण रोज थोडं अधिक पातळ होत चाललं होतं. आणि पुनव जवळ येत होती.

काकांनी आधी सरळ मार्ग काढून बघितला. "शेवटची जुडी शंभराची बांध. लाख बरोब्बर होतात."

"अपुरी माळ देवापुढे ठेवू? हात कापून टाकलेली?"

"मग ती पुरी कर. एक लाख आठ होतील. जास्त झाल्या तर देव काय नको म्हणणार आहे?"

"मी लाख बोलले," वहिनी म्हणाल्या. "त्याने नजर दिली ती नेमकी दिली. दोन डोळे मागितले, दोन दिले. तिसरा चिकटवला काय मला? मग मी कशाला वरखाली करू?"

काका ओटीवर जाऊन बसले आणि तिथल्या धुळीत बोटाने गुणाकार करू लागले. थोड्या वेळाने ते जवळजवळ पळतच आत आले.

"मिळाला! असा एक आकडा आहे, जिथे तुझ्या माळाही पुऱ्या होतात आणि लाखही पुरे होतात. दोघांत तसूभर मागेपुढे नाही. पहिल्यांदाच, एकदम."

वहिनींच्या हातातली पळी थांबली. "किती?"

"सत्तावीस लाख."

वहिनी बघत राहिल्या.

"नक्षत्रं सत्तावीस, बघ ना! पंचवीस हजार जुड्या, सत्तावीस लाख वाती. काय सुंदर आकडा आहे..."

"एका लाखाला वरीस गेलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे आणखी सव्वीस वर्षं. तवा मी नव्वदीची. आणि तवा परत मोतीबिंदू झाला, तर काय कोटीचा नवस बोलू?"

काका परत ओटीवर. मग त्यांनी वेळणेश्वराच्या गुरवांना फोन लावला. गुरव भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मोजतो कोण? हल्ली बरेच जण किलोवर आणतात." काकांनी हे घरात सांगितलं. सांगायला नको होतं. त्या रात्री वरणात डाळ शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर बसल्या बसल्या त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. सावर्ड्याहून परत येताना ते एकदा गाडीत पुढे, चालकाच्या बाजूला बसले होते. गाडीच्या मीटरवर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव किलोमीटर झाले होते. काकांनी तो आकडा तिथल्या तिथे फोडला. भरला आकडा. नऊने जातो, एक्केचाळीसने जातो, दोनशे एकाहत्तरनेही जातो, नात्यागोत्यांनी गजबजलेलं घर. मग बघता बघता सगळे नऊ एकदम वर सरकले आणि लाख आला. नऊ गेला, एक्केचाळीस गेला, दोनशे एकाहत्तर गेला. एका किलोमीटरमध्ये सगळे जुने संबंध तुटले, आणि उरले कोण, तर दोन आणि पाच.

नंतर त्यांनी विचार करकरून बघितलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे लाखापुरतं नाही. कुठलेही दोन शेजारचे आकडे घ्या, दोघांनाही भाग जाईल असा आकडा मिळायचा नाही. एकाच्या पोटात सात असेल तर शेजाऱ्याच्या पोटात तो नसणारच. खेटून बसतात, जन्मभर बसतात, पण दोघांत सामाईक असं काही नाही. एक सोडून. एकाने मात्र दोघांनाही भाग जातो.

तेव्हा त्यांना ही गंमत वाटली होती. आज ओटीवर बसून त्यांना वाटलं, हे आपल्या घराबद्दलच आहे. आपण आणि जनी. ती मोजत नाही, आपण मोजल्याशिवाय राहत नाही. तिला माळ पुरी व्हायला हवी, आपल्याला बेरीज. इतकी वर्षं शेजारी शेजारी बसलो, आणि आपण तिच्या आकड्याला भाग घालायला गेलो.

अशात मरियम आली. मरियमचं घर कुंपणापलीकडे. ती फराळाचा डबा परत द्यायला आली होती, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात दिराने आखातातून आणलेले खजूर घातले होते. पडवीत येताच तिने खुंटीकडे बघितलं.

"वयनी, माळ वर का? झाल्या वाती?"

"तुझ्या भाऊंना विचार," वहिनी आतून म्हणाल्या. "त्यांनी भाग घातलान."

काकांनी सगळी हकिकत सांगितली. या वेळी आवाज स्टँडवरचा नव्हता. मरियमने ऐकून घेतलं आणि हसली.

"आमची तसबीह तशीच की, पाष्टेभाऊ. माझीत तेहेतीस मणी. नमाज झाली की एक नाव तेहेतीस वेळा, दुसरं तेहेतीस वेळा, आणि तिसरं चौतीस वेळा. तवा शंभर भरतात."

"पण मणी तर तेहेतीसच," काका म्हणाले. त्यांचे डोळे बारीक झाले होते. "शंभरालाही तीनने जात नाही. मग चौतीसावा कुठला?"

"तो बोटावर," मरियम म्हणाली. "माळेत नसला म्हणून काय झालं? शंभरात तर असतो ना!" आणि डबा ठेवून ती वहिनींशी बोलायला आत गेली.

काका खजूर हातात धरून बसून राहिले. मरियमचा एक मणी माळेत नाही, पण शंभरात आहे. मग उलटं का नाही चालणार? माळेत असलेलं सगळं लाखात असलंच पाहिजे असं कुठे आहे? आकडे कागदावर सारखेच दिसतात. पण वात कुणी तरी वळलेली असते. प्रत्येक वातीला एक हात असतो.

ते आत गेले. मरियम चुलीपाशी पाटावर बसली होती.

"जनी," ते म्हणाले, "तू लाखच वळ. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. शेवटच्या जुडीत तुझ्या शंभर होतील. माळेत आठ मणी उरतील. ते मी भरतो."

"म्हणजे?"

"आठ वाती मी वळतो. नवस तुझा, लाख तुझे. माळ दोघांची."

मरियम तोंडावर पदर घेऊन हसू लागली. वहिनींनी नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"अवो, तुम्हाला पायजम्याची नाडी ओवता येत नाय."

"शिकीन."

"आणि नवस मी बोलले. तुम्ही कशाला मध्ये?"

"घशातले काटे कुणाचे बंद झाले?" काका म्हणाले. "तुझे डोळे आले त्याचा फायदा मला नाही? मी काय फुकट्या आहे?"

त्या संध्याकाळी माळ खुंटीवरून खाली आली, आणि वरणात डाळ परत आली.

मग घाई झाली. वहिनी सकाळ दुपार वळत होत्या. काकांनी भाजी चिरली, पाणी भरलं, आणि कुणी काही विचारलं नाही तर काही सांगितलं नाही. पंचवीस जुड्या झाल्या. सव्विसावीत शंभरावी वात वळून वहिनींनी हात झटकले. काकांनी तीन वेळा मोजून मान हलवली.

लाख.

वहिनींनी माळ त्यांच्या हातात दिली. मेरुमण्याच्या अलीकडे आठ मणी उरले होते.

आठ म्हणजे काय? काकांच्या दृष्टीने आठ हा आकडाच नव्हे. दोन दोन दोन, संपलं. पण बोटांना राख लावून त्यांनी कापूस ओढला तेव्हा तो तुटला. पुन्हा ओढला, तेव्हा गोळाच हातात आला. पहिली वात झाली ती सुरवंटासारखी, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना केस.

"ही धरायची?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मनाने सांगा," वहिनी म्हणाल्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघू लागल्या.

काकांनी ती मोडली. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं, अंगणातून माडावर चढलं. अंगठा हुळहुळला. मान धरली. तिसऱ्या वातीला त्यांना कळलं की श्वास रोखला की तंतू तुटत नाही. पाचवीला कळलं की घाई केली की तुटतोच. सहाव्या वातीच्या वेळी त्यांनी सहज मान वर केली आणि समोर रचलेल्या डब्यांकडे त्यांची नजर गेली.

लाख म्हणजे पाच दोन आणि पाच पाच, हे त्यांना किती तरी वर्षं माहीत होतं. लाखाच्या पोटात काय आहे ते सगळं त्यांनी बघून ठेवलं होतं. पण लाख केवढा असतो, ते त्यांना आज सहाव्या वातीला कळलं. ती भिंतीला टेकून बसलेली बाई नव्या डोळ्यांनी तेवढ्या वेळा वाकली होती. आणि आपण बाहेरून शंभर शंभर म्हणत डबे लावत होतो.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "थांबलात का?"

"काही नाही. सहा झाल्या."

"मग दोन राहिल्या. एवढं कळतं मला."

आठवी वात झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनींनी शंभरात ती आठ बेणी मिसळली, दोरा गुंडाळला, गाठ मारली. जुडी एका बाजूने जरा फुगली होती.

पुनवेच्या दिवशी मरियमच्या नवऱ्याने, रशीदने, आपली गाडी काढली. डबे मागे, वहिनी मध्ये, काका पुढे. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून तवसाळला उतरायचं, मग वेळणेश्वर. रशीद अख्ख्या वाटेत एकदाच बोलला: "काका, एवढा कापूस गाडीत हाय, आज बिडी नाय ओढत."

गुरवांनी देवळाच्या अंगणात वाऱ्याच्या आडोशाला जागा करून ठेवली होती. मोठ्या परातीत तुपात भिजलेल्या जुड्या रचल्या. फुगलेली जुडी वहिनींनी सर्वांत वर ठेवली. समुद्र काळा पडू लागला आणि भिंतीमागून चंद्र वर आला, तेव्हा वहिनींनी निरांजन लावून ते त्या वरच्या जुडीला टेकवलं.

लाख वाती एकदम पेटत नाहीत. आधी एक, मग तिच्या बाजूची, मग कुजबुज पसरावी तशी कडेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी याच देवळात वहिनींना दिव्याच्या जागी नुसता पिवळा पिसारा दिसला होता, ज्योत अशी दिसलीच नव्हती. आता त्या डोळे बारीक करून बघत होत्या.

"दिसतंय?" काकांनी विचारलं.

"दिसतंय. तुमच्या कुठल्या तेसुद्धा दिसतंय."

"कुठल्या?"

"त्या वाकड्या जळतायत ना, तडतड करत, त्या."

काकांनीही वाकून बघितलं. वरच्या जुडीत सात-आठ ज्योती खरोखरच जरा तिरक्या होत्या. मग आच वाढली, सगळ्या ज्योती एकात एक मिसळल्या, आणि कुणाच्या कुठल्या ते राहिलं नाही. काका मागे सरकले. त्यांच्या हातांना अजून तुपाचा वास येत होता.

रशीद अंगणाच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत होता.

"अवो," वहिनी म्हणाल्या, "त्या सत्तावीस लाखांना आता किती राहिले?"

काकांनी चमकून बघितलं. वहिनी परातीकडेच बघत होत्या.

"सव्वीस."

"आणि दर वेळी आठ तुमचे."

"दर वेळी आठ."

काकांनी देवळाच्या दाराकडे बघितलं. भागाकार त्यांनी नेहमीप्रमाणे बाहेर ठेवला होता, पण हे गणित आपल्या पायांनीच आत आलं. सत्तावीस आठे दोनशे सोळा. दोनशे सोळा म्हणजे एकशे आठ दुणे. त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा करून बघितलं. तेवढंच आलं.

"जनी," ते हळूच म्हणाले, "सत्तावीस वेळा आठ म्हणजे माझ्या दोन माळा होतात. अख्ख्या."

"उरतं किती?"

"काही नाही. शून्य."

जनीवहिनींनी पदराने डोळे पुसले. धूर होता. "मग सावकाश वळा," त्या म्हणाल्या. "पहिल्या सगळ्या सुरवंटासारख्या झाल्यायत. घाई नाय."